आकडा मिळाला, डॉक्टर कुठे आहे?



आपल्या प्रत्येक घरात खुंटीला एक पिशवी टांगलेली असते. खताच्या दुकानाची नाहीतर कापड दुकानाची. तिच्यात सात-बारा नसतो, सोसायटीचे पासबुक नसते. तिच्यात असतात दवाखान्याचे कागद. एक्स-रेचे काळे फोटो, सोनोग्राफीचे गुळगुळीत कागद, रक्त-लघवीच्या चिठ्ठ्या, आणि कुणालाच न वाचता येणारी डॉक्टरची अक्षरे. घरात कोणी आजारी पडले की आधी ती पिशवी खुंटीवरून निघते, मग माणूस.

आमच्याच भागातल्या एका वेचणीच्या बाईचे सांगतो. पोटात दुखायचे. ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासले, सोनोग्राफीला तालुक्याला खासगीत पाठवले. तिथून जिल्ह्याला. जिल्ह्याच्या डॉक्टरने पिशवीकडे पाहिलेसुद्धा नाही, सगळे नव्याने करा म्हणाला. तिथून नागपूर. नागपुरात पुन्हा रक्त, पुन्हा सोनोग्राफी. चार दवाखाने, चार वेळा तेच रक्त. बाईच्या अंगात रक्त मुळातच कमी होते, हे चारही ठिकाणी लिहून दिले. एकानेही आधीच्याचे वाचले नाही. दिवाळीआधीची सगळी वेचणी तपासण्यांत गेली. औषध सुरू झाले तेव्हा उलंगवाडी झाली होती.

आता सरकार म्हणते, पिशवीची गरजच उरणार नाही. २७ सप्टेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. प्रत्येकाला १४ आकडी क्रमांक, त्याचे नाव 'आभा'. कुठल्याही दवाखान्यात जा, क्रमांक सांगा, तुमच्या संमतीने मागच्या दवाखान्यातले कागद डॉक्टरला पडद्यावर दिसतील. कागद ज्या दवाखान्यात तयार झाले तिथेच राहतील, दिल्लीत एका कोठारात भरणार नाहीत, फक्त मागितले की एकाकडून दुसऱ्याकडे जातील.

कल्पना चांगली आहे, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. यंत्राला भिणारे आम्ही नव्हे. वखर सोडून ट्रॅक्टर धरताना आम्ही रडलो नाही. त्या बाईचे कागद तिच्याआधी नागपूरला पोचले असते तर तिचा हंगाम वाचला असता. भांडण यंत्राशी नाही. ते कुणासाठी चालवायचे, याचे आहे.

गावात काय झाले ते आठवा. ग्रामपंचायतीत शिबिर लागले. आधार आणा, मोबाईल आणा. ओटीपी कुठे आला? पोराच्या मोबाईलवर. पोरगा चाकणला कंपनीत. त्याला फोन लावला, त्याने आकडे सांगितले, इकडे कार्ड निघाले, फोटो निघाला, पाठीमागे बॅनर. म्हातारीला विचारले, 'आजी, हे कशाचं?' ती म्हणाली, 'राशनचं असंल.' ही झाली संमती! ज्याच्या हातात मोबाईल त्याची संमती, आणि ज्याचे पोट दुखते तो बाजूला उभा. २०२१ साली कोविडची लस घेताना ज्यांनी आधार दाखवले, त्यांच्यातल्या अनेकांच्या प्रमाणपत्रावर हा १४ आकडी क्रमांक आपोआप छापून आला होता. त्यांना कोणी विचारले होते? सरकारच्याच धोरणानुसार क्रमांक ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. हे शिबिरात तुम्हाला कोणी सांगितले असेल तर त्या कर्मचाऱ्याचा आम्ही सत्कार करू.

देशात असे ७० कोटींवर क्रमांक काढून झाले आहेत. ७० कोटी डबे झाले, भाऊ. भाकरी किती डब्यांत आहे?

आता २०१७ आठवा. मुद्दाम आठवा, कारण त्या एका हंगामात सरकारचे दोन्ही चेहरे आपण पाहिले.

त्या वर्षी कर्जमाफी जाहीर झाली आणि ती 'ऑनलाइन' होती. जुलैपासून आपण सेवा केंद्रांपुढे रांगा लावल्या. नवरा-बायको दोघांचे अंगठे. कापूस वेचून, निंदण करून ज्यांच्या बोटांच्या रेषाच झिजल्या त्यांचे अंगठे यंत्राने ओळखले नाहीत. रात्री सर्व्हर चालतो म्हणून लोक रात्री बसले. ऑक्टोबरमध्ये प्रमाणपत्रे वाटली आणि मग याद्यांतला घोळ महिनोन्महिने निस्तरत राहिला. आपल्याकडून माहिती काढून घ्यायची होती, तेव्हा यंत्र गावोगाव पोचले होते.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली. फवारा वरून अंगावर पडू लागला. दोन-तीन औषधे एकत्र करून फवारणी चालली होती. डोळ्यांना दिसेना, उलट्या, छातीत पाणी. शेकडो माणसे दवाखान्यात भरती झाली. त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. आता डॉक्टरच्या जागी उभे राहून पाहा. ऑरगॅनोफॉस्फरस विष असेल तर ॲट्रोपिन द्यायचे, पाम द्यायचे. दुसऱ्या काही जातींचे असेल तर त्यावर उताराच नाही, नुसता श्वास सांभाळायचा. म्हणजे पहिला प्रश्न एकच: फवारले काय? कोणी बाटली आणली, कोणी आणली नाही. रक्तातली कोलिनेस्टरेजची तपासणी केली तर बऱ्याच गोष्टी कळतात. ती तपासणी यवतमाळात तेव्हा होत नव्हती. दुकानदाराच्या बिलबुकात औषधाचे नाव होते. कृषी खात्याकडे विक्रीचा परवाना होता. दवाखान्यात रोगी होता. पोलिसांकडे पंचनामा होता. चौघांच्या चार वह्या, आणि एकाची वही दुसऱ्याने पाहिली नाही. पहिली पाच-सात माणसे आली तेव्हाच या वह्या एकमेकींशी बोलल्या असत्या, तर पुढची फवारणी गावात दवंडी देऊन थांबवता आली असती.

आणि यासाठी नवा कायदा लागत नाही! १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात कलम २६ आहे. कीटकनाशकाने विषबाधा झालेली जी जी माणसे एखाद्याच्या पाहण्यात येतील, त्यांची खबर ठराविक अधिकाऱ्याला देण्याची सक्ती राज्य सरकार करू शकते. कायदा झाला तेव्हा आपल्यातले कित्येक जन्मलेही नव्हते. ज्यांना आरोग्याची माहिती संगणकावर चढवायची हौस आहे, त्यांनी पहिले काम हे का केले नाही? आमचे उत्तर साधे आहे. विषबाधेची नोंद झाली की कुणाला तरी जबाब द्यावा लागतो. क्रमांकाची नोंद झाली की फक्त टाळ्या वाजतात.

क्षयाचे उदाहरण घ्या, कारण तिथे हे काम खरोखर झाले आहे. 'निक्षय' नावाची व्यवस्था २०१२ पासून आहे. क्षयाचा रोगी ऊसतोडीला परजिल्ह्यात गेला, परराज्यात गेला, तर त्याची नोंद तिकडे पाठवता येते आणि तिकडच्या केंद्रावर गोळ्या मिळू शकतात. पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये खात्यात, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. हे चांगलेच आहे, आणि चांगल्याला चांगले म्हणायला आम्हाला लाज वाटत नाही. पण मार्च २०२४ मध्ये काय झाले? गोळ्यांचाच तुटवडा पडला. दिल्लीने राज्यांना कळवले, तुमच्या पातळीवर खरेदी करून तीन महिने भागवा. रोगी संगणकावर होता, त्याचा पत्ता होता, खाते होते, हजेरी होती. गोळी नव्हती. क्षयाची गोळी मध्येच सुटली तर रोग औषधाला दाद देईनासा होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

टेलिमेडिसिनचेही असेच. 'ई-संजीवनी'वर उपकेंद्रात बसून लांबच्या डॉक्टरशी पडद्यावर बोलता येते. ३० कोटींवर सल्ले झाल्याचे सरकार सांगते. बीपीची गोळी चालू ठेवायची, साखर किती आली ते दाखवायचे, अंगावरचा चट्टा दाखवायचा, यासाठी पन्नास किलोमीटरची एसटी वाचते, रोज बुडत नाही. आमच्या घरच्या म्हाताऱ्यांनीही त्याचा फायदा घेतला आहे. पण रात्री अकराला फवारणी करून आलेला गडी तडफडतो तेव्हा पडद्यावरचा डॉक्टर त्याला सुई टोचू शकत नाही. तेव्हा लागते ॲट्रोपिन, लागतो ऑक्सिजन, लागते हजर असलेले माणूस. सरकारच्याच नियमाने ३० हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. ते आहे. इमारत आहे, रंग आहे, पाटी आहे, आता भिंतीवर क्यूआरचा चौकोनही चिकटवतील. रात्री तिथे कोण आहे ते सांगा.

आणि ही सगळी नोंद करते कोण? आशाताई. तीच गरोदर बाईला दवाखान्यात नेते, तीच बाळाचे वजन घेते, आणि तीच रात्री चुलीपुढे बसून मोबाईलमध्ये आकडे भरते. २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यातल्या आशा संपावर गेल्या, २०२४ च्या जानेवारीत पुन्हा गेल्या. मानधन ही मोठी मागणी होती, पण ऑनलाइन कामाची सक्ती नको, हीसुद्धा होती. त्या बायका अडाणी म्हणून नको म्हणत नव्हत्या. ज्या वेळात रोगी पाहायचा, त्या वेळात रोग्याचा आकडा भरायला लावतात, हे त्यांचे दुखणे होते.

पैसा मात्र या आकड्यांत आहे. १ जानेवारी २०२३ पासून सरकारने बक्षीस योजना काढली: दवाखान्यांनी, प्रयोगशाळांनी, सॉफ्टवेअर कंपन्यांनी ठराविक संख्येच्या वर नोंदी क्रमांकाला जोडल्या की नोंदीमागे पैसे, एका संस्थेला ४ कोटी रुपयांपर्यंत. दवाखान्याला नवे यंत्र बसवायला खर्च येतो, हे कबूल. पण ज्याच्या आजाराची नोंद, त्याच्या हातात काय पडते? आपण कापूस काट्यावर चढवतो तेव्हा काटापट्टी हातात पडते. वजन, भाव, कपात, सगळे कागदावर. मापाऱ्याने लबाडी केली तर ती पट्टी घेऊन भांडता येते. आपल्या रोगाची काटापट्टी आपल्याला का नाही? तिच्यावर इंग्रजी का?

माहिती चोरीला जाईल, अशी भीती पुष्कळ लोक घालतात. ती खोटी नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर चोरांनी बंद पाडले आणि एवढ्या मोठ्या दवाखान्यात कित्येक दिवस पुन्हा कागद-पेनने काम चालले. पण आमच्या लोकांना जवळची भीती वेगळी आहे. पोरीच्या आजाराची बातमी सोयरिकीच्या आधी गावात पोचण्याची. शिबिरात पाच माणसांसमोर 'काय होतंय?' असे मोठ्याने विचारण्याची. कुठल्या नोंदी दाखवायच्या नि कुठल्या नाही, हे ठरवण्याचा हक्क या व्यवस्थेत रोग्याला दिलेला आहे. तो वापरायचा कसा, हे शिकवणारे शिबिर आमच्या तालुक्यात तरी लागलेले नाही.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही ठेवणार ते एवढेच. विषबाधेची प्रत्येक घटना चोवीस तासांत जिल्ह्याच्या एका नोंदीत यावी, औषधाच्या नावासकट, आणि ती नोंद कृषी खाते, दवाखाना आणि ग्रामपंचायत तिघांना दिसावी. रोग्याचे नाव त्यात नको, गाव पुरे. प्रत्येक आरोग्य केंद्रात आज रात्री कोण हजर आहे आणि ॲट्रोपिनच्या किती कुप्या शिल्लक आहेत, हे त्याच संगणकावर रोज सगळ्यांना दिसावे. आमचे आकडे तुम्हाला दिसतात, तुमचे आम्हाला दिसू द्या. दवाखान्यातून निघताना मराठीत छापलेला कागद हातात मिळावा. संमती ज्याची त्याला समजावून घ्यावी, ओटीपी पोराकडून वदवून नव्हे. आणि सर्व्हर बंद आहे म्हणून एकाही माणसाला दारातून परत पाठवू नये. जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि जिल्हा कृषी अधीक्षकांना एकत्र बोलावून हे विचारायचे आहे; वेगवेगळे विचारले की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, हा अनुभव आहे.

बैठकीला येताना खुंटीवरची ती पिशवी घेऊन या. एकच तपासणी किती ठिकाणी किती वेळा झाली आणि प्रत्येक वेळी किती पैसे गेले, ते गावनिहाय लिहून काढायचे आहे. नावे लिहिणार नाही. ज्यांच्या घरी २०१७ पासून आजपर्यंत फवारणीची बाधा झाली असेल, त्यांनी औषधाच्या दुकानाचे बिल असेल तर तेही आणावे. बिल नसेल तर रिकामी बाटली चालेल. ती मात्र धुऊन नव्हे, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी आणा.