बाणूरगड आणि केडंबे

सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी आहे. प्रतापगडावर गर्दी करणारे मराठी मन या आडवळणाच्या गडाकडे क्वचितच वळते. गुप्तहेराच्या नशिबी हे असायचेच! परंतु जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर गेले ते बहिर्जींनी आणलेल्या बातमीच्या भरवशावर, आणि १६७९ मध्ये जालन्याहून परतताना मोगलांनी वाट अडविली तेव्हा फौजेला आडवाटेने पट्टागडी सुखरूप पोहोचविले तेही याच नाईकांनी. बातमी आधी येई, तलवार मागाहून उपसली जाई.

सातारा जिल्ह्यातील केडंबे हे जावळी तालुक्यातले गाव. तेथील सुपुत्र तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर केवळ लाठीनिशी कसाबला भिडले. गोळ्या झेलल्या, पण त्याच्या रायफलीची नळी सोडली नाही. कसाब जिवंत सापडला म्हणूनच पाकिस्तानातील कट जगापुढे उघडा पडला. यंत्रणेने आधी मिळवायची माहिती एका साहाय्यक फौजदाराने प्राण देऊन मिळविली, हा त्याचा कटू अर्थ.

सूचना आल्याच नव्हत्या असे नाही. त्यांची नीट छाननी झाली नाही, असा राम प्रधान समितीचा निष्कर्ष होता. शत्रू मात्र गाफील नव्हता. डेव्हिड हेडली २००६ पासून मुंबईत वारंवार येऊन, ताजचे चित्रीकरण करून निर्धास्त परतत होता. बहिर्जींचे शास्त्र आम्ही पोवाड्यात ठेवले, लष्कर-ए-तोयबाने ते वापरले.

रामेश्वरनाथ काव यांनी १९६८ पासून उभारलेल्या 'रॉ'ची पाकिस्तानातील गुप्त कारवायांची फळी १९९७ मध्ये गुजराल सरकारने गुंडाळली, असे निवृत्त अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. शेजाऱ्याशी सौजन्य दाखविण्याची ही हौस महागात पडली. शत्रूच्या घरात पेरलेला माणूस एका आदेशाने मागे घेता येतो. पुन्हा पेरायला उमेदीची वर्षे जातात. मे २०२५ च्या 'ऑपरेशन सिंदूर'मध्ये नऊ तळ अचूक टिपले गेले, यामागेही अशाच अनामिकांची खबर असणार. पण त्याआधी २२ एप्रिलला पहलगामला २६ जणांचे बळी गेले, त्याची चाहूल कोणालाच लागली नव्हती. तेव्हा क्षेपणास्त्रांच्या खरेदीइतक्याच तातडीने पश्तो, सिंधी, बलुची जाणणाऱ्या तरुणांची भरती व्हावी, आणि सरकार कोणाचेही येवो, त्यांचे काम मधेच थांबविण्याची मुभा एखाद्या पंतप्रधानाच्या लहरीला असू नये.