डायच्या आधी जुने कागद
बंगळुरूला बन्नेरघट्टा रस्त्यावर जयदेव ही सरकारी हृद्रोग संस्था आहे, तर होसूर रस्त्यावर मेंदूच्या विकारांसाठी ‘निमहान्स’. अशा रुग्णालयांत पार बेळगाव-निपाणीकडचा रुग्णही रात्रभर प्रवास करून येतो. हातात गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी असते आणि जुने कागद घरी कपाटात! अँजिओग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या आधी नेमके तेच लागतात.

या तपासण्यांत बहुधा ‘डाय’ टोचतात. नाव डाय असले तरी तो रंग नव्हे. पाण्यासारखे दिसणारे, आयोडीन असलेले औषध असते. आयोडीन क्ष-किरणांना अडवते, म्हणून एरवी न दिसणारी रक्तवाहिनी आणि तिच्यातला अडथळा पडद्यावर उमटतो.

जुने डाय रक्तापेक्षा कितीतरी तीव्र असत. टोचताना आग होई. स्वीडनचे क्ष-किरणतज्ज्ञ टॉर्स्टन अल्मेन यांना सौम्य डायची कल्पना सुचली ती पोहताना. खारट समुद्रात डोळे चुरचुरत, कमी खारट बाल्टिकमध्ये मात्र नाही! १९९० साली प्रसिद्ध झालेल्या जपानी पाहणीत सुमारे ३ लाख ३७ हजार तपासण्या पाहिल्या गेल्या. जुन्या डायने दर दहा हजारांत २२ वेळा गंभीर त्रास झाला, नव्याने ४ वेळा.

डाय आत जाताच अंगभर गरम लाट जाते, लघवी झाल्यासारखे वाटते. हे मिनिटभराचे असते. पूर्वी कधी डायने पित्त उठले असेल, धाप लागली असेल, तर ते मात्र लपवू नये. ‘सांगितले तर तपासणी रद्द होईल’ ही भीती खोटी. डॉक्टर डाय बदलतात, आधी औषध देतात किंवा दुसरी तपासणी सुचवतात. दमाही सांगावा. मासळीची अॅलर्जी मासळीतल्या प्रथिनांमुळे असते, तिचा आयोडीनशी संबंध नाही.

डाय मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट जवळ हवा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगावे. मूत्रपिंड अशक्त असल्यास ही गोळी काही काळ थांबवतात. स्वतःच्या मनाने ती बंद करू नये.

तपासणीनंतर अर्धा तास बसवून ठेवतात, कारण गंभीर त्रास बहुधा तेवढ्यातच उद्भवतो. परतीच्या गाडीची घाई त्या वेळी नको. त्रास झालाच, तर डायचे नाव कागदावर लिहून मागावे आणि तो कागद फाइलमध्ये सर्वांत वर लावावा.