खेळ हेच शिक्षण

धाकटा भाऊ बालवाडीतून घरी आला, की आपण त्याला विचारतो, ‘आज काय शिकलास?’ ‘खेळलो!’ असे तो सांगतो आणि आपण हसतो. हे हसणे मला योग्य वाटत नाही.

बालवाडीतला आठवडा पाहा. मुले एके दिवशी चिंचोके मोजतात, दुसऱ्या दिवशी माती मळतात. चिंचोक्यांतून संख्येची ओळख होते. माती मळून बोटांना जे वळण लागते, तेच पुढे लेखणी धरताना उपयोगी पडते. झोपाळ्याजवळ आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हा तर नागरिकत्वाचा पहिला धडा होय!

ताराबाई मोडक यांनी हे ओळखले होते. १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी त्यांनी बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. गरिबांची मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच त्या मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. खडे, पाने, शिंपले हीच तेथील साधने.

तरीही कित्येक घरी तीन वर्षांच्या बालकाला अक्षरे गिरवायला बसवतात. ती घाई नको. बालमित्रांनो, आज भावाला विचारा, ‘काय खेळलास?’ तो सांगेल, तेच त्याचे शिक्षण.