प्रयोग कीं व्रत?

आहार बदलला कीं झोंपेचे विकार जातात, हें मत अलीकडे आमच्या सुशिक्षित घरांतून इतक्या निःशंकपणें बोललें जातें कीं, त्याविरुद्ध दोन शब्द लिहिणें कित्येकांस उद्धटपणाचें वाटेल. तथापि ज्या रोग्यांच्या जिवावर हें मत पोसलें जात आहे त्यांची स्थिति पाहतां मौन धरणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. आमचा वाद आहाराशीं नाहीं. रोग्यानें आपल्या ताटाकडे चिकित्सक दृष्टीनें पाहूं नये, असेंहि आमचें म्हणणें नाहीं. 'प्रयोग' हें भारदस्त नांव देऊन प्रत्यक्षांत जें कांहीं चालतें, त्याच्याशीं आमचा वाद आहे.

नार्कोलेप्सी हा विकार घ्या. १८८० सालीं जेलिनो नांवाच्या फ्रेंच डॉक्टरनें त्यास हें नांव दिलें. सुमारें २००० माणसांत एकास तो होतो, आणि बहुधा १० ते २५ या वयांत, म्हणजे नेमका शाळा-कॉलेजाच्या काळांत, डोकें वर काढतो. रात्रीं पुरेसा वेळ अंथरुणावर काढूनहि दिवसा झोंप अनावर होते. कित्येकांस मनापासून हंसूं आलें कीं गुडघ्यांतलें बळ जातें आणि पूर्ण शुद्धीवर असतांना देह खालीं कोसळतो. कित्येकांचे जागे होतांना हातपाय हलत नाहींत आणि उशाशीं कोणी उभें असल्याचा भास होतो. अशा मुलास आमच्या घरीं प्रथम काय मिळतें? कुंभकर्ण ही पदवी. मग भात बंद होतो, मग दहीं, मग रात्रीचें जेवण. गुरुवार धरण्यास सांगतात आणि त्या उपासाला साबुदाण्याची खिचडी वाढतात, म्हणजे ज्या पिष्टान्नाच्या भयानें भात बंद केला तेंच दामदुपटीनें पोटांत जातें! ह्या खटाटोपांत दोन-चार वर्षें सहज निघून जातात, आणि तेवढ्यांत मुलाची परीक्षा बुडते व त्याच्या आळसाविषयीं सर्व नातलगांचें एकमत होऊन बसतें.

ह्या कामीं चरकाचें नांव पुढें करणारे पुष्कळ भेटतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत, निद्रानाशावर म्हशीचें दूध हितकर म्हटलें आहे आणि फाजील झोंपेवरील उपायांत उपवासहि गणला आहे, हें खरें. आमच्या मंडळींस तेवढें पाठ असतें. परंतु त्याच सूत्रस्थानांत तमोगुणापासून होणारी झोंप निराळी, कफानें येणारी निराळी, श्रमानें येणारी निराळी आणि रोगाच्या मागोमाग येणारी निराळी, असा स्पष्ट भेद केला आहे. पापाचें मूळ असा ठपका ठेवला आहे तो त्यांपैकीं केवळ तामसी निद्रेवर. प्राचीन ग्रंथकारानें काळजीपूर्वक केलेला हा भेद त्याच्या आजच्या अभिमान्यांनीं पुसून टाकावा आणि घरांतील प्रत्येक पेंगणाऱ्या जीवास तामसी ठरवावें, ही चरकाची सेवा खास नव्हे. घोरतांना श्वास अडकून झोंप मोडणारा गृहस्थ, रात्रभर टक्क जागा राहणारा म्हातारा आणि हंसतांना कोसळणारी मुलगी ह्या तिघांस एकच पथ्य सांगणारा मनुष्य वैद्य तर नव्हेच, वैद्याचा चांगला वाचकहि नव्हे.

दुसरा पक्ष आधुनिकांचा. त्यांच्या मुखीं चरकाऐवजीं 'केटो' असतें, आणि त्यांचें प्रमाण मोबाइलवरील चित्रफितींत सांपडतें. त्यांच्या म्हणण्यांत तथ्यांश आहे आणि तो नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. १९९८ सालीं मेंदूंतील एक द्रव्य शास्त्रज्ञांच्या दोन निरनिराळ्या तुकड्यांस सांपडलें. एका तुकडीनें तें उंदरांच्या मेंदूंत सोडतांच ते अधिक खाऊं लागले, म्हणून भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास 'ओरेक्झिन' हें नांव मिळालें. पुढें कळलें तें असें कीं, हें द्रव्य माणसास जागें ठेवतें. नार्कोलेप्सीनें ग्रासलेल्या माणसांचे मेंदू मृत्यूनंतर तपासतां तें निर्माण करणाऱ्या पेशींपैकीं ८५ ते ९५ टक्के पेशी नाहींशा झालेल्या आढळल्याचें २००० सालीं प्रसिद्ध झालें. २००६ सालीं प्राण्यांच्या मेंदूंवरील संशोधनांत असेंहि दिसलें कीं, ग्लुकोज वाढलें म्हणजे ह्या पेशी मंदावतात. भूक आणि जागृति ह्यांची गांठ मेंदूच्या एकाच कोपऱ्यांत बांधलेली आहे, ह्याहून आहारवाद्यांस अधिक अनुकूल तें काय असणार?

पण येथेंच थोडें थांबून विचार करावयास हवा. साखर ज्या पेशींस आवरून धरते त्या पेशी जिवंत असतील, तर साखर कमी करून त्यांस मोकळीक देण्यांत अर्थ आहे. ज्या रोग्यांस हंसतांना कोसळण्याचें लक्षण आहे त्यांच्या बाबतींत त्या पेशी बहुतेक उरलेल्याच नसतात. घोडाच मेल्यावर लगाम सैल करून काय होणार? पिष्टान्न कमी केल्यानें अशा रोग्यासहि दुपारीं कांहींसें हलकें वाटेल, वजन उतरून बरेंहि वाटेल. भरपेट भातानंतर निरोगी माणसासहि पेंग येते हें सांगावयास कोणी शास्त्रज्ञ नको. परंतु हलकें वाटणें निराळें आणि रोग जाणें निराळें.

प्रत्यक्ष पुरावा म्हणाल, तर २००४ सालीं अमेरिकेंतून एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. नार्कोलेप्सीच्या ९ रोग्यांस ८ आठवडे अत्यल्प पिष्टाचा आहार दिला आणि प्रश्नावलीवरील त्यांच्या लक्षणांचा आंकडा सुमारें १८ टक्क्यांनीं उतरला. तुलनेसाठीं दुसरा गट नव्हता, आणि आपण काय खातों आहों हें प्रत्येकास ठाऊक होतें. करणाऱ्यांनीं तो नम्रपणें मांडला. त्यावर 'एकवीस दिवसांत झोंपेवर विजय' अशी इमारत उठविणाऱ्यांस नम्रतेचें वावडें आहे. ह्याच जातीचा आहार १९२१ पासून मुलांच्या अपस्मारावर वापरला जात आहे, आणि २००८ सालीं लंडनमध्यें मुलांचे दोन गट पाडून, झटके मोजून, त्याचा गुण सिद्ध करण्यांत आला. तेथें आहारास औषधाची प्रतिष्ठा मिळाली ती मोजमापानें मिळाली, आणि तो देतात तोहि डॉक्टरांच्या देखरेखीखालीं. झोंपेच्या बाबतींत मोजमाप नको, प्रतिष्ठा मात्र आयती हवी, असा हा व्यवहार आहे.

आमच्या घरांतून जें चालतें त्यास आम्ही व्रत म्हणतों. प्रयोग फसला तर कल्पना चुकीची ठरते. व्रत फसलें तर व्रत करणारा पापी ठरतो. भात सोडूनहि मुलगी वर्गांत निजली, तर 'भात सोडण्यांत अर्थ नव्हता' असें कोणी म्हणत नाहीं. 'हिनें मैत्रिणीकडे कांहींतरी खाल्लें असेल', 'हिचा निग्रहच कमी', असेंच ऐकूं येतें. रोगानें एकदां गांजलेल्या जीवास पथ्यानें पुनः अपराधी करावें, ह्या क्रौर्याकडे आम्हांस वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. मुलाच्या हिताच्या इच्छेनेंच तें घडतें, म्हणून तर तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

प्रयोगच करावयाचा तर तो अवश्य करावा, पण आधीं रोगाचें नांव कळूं द्यावें. रात्रभर झोंपेची तपासणी करून दुसऱ्या दिवशीं दोन दोन तासांच्या अंतरानें चार-पांच वेळां निजवितात, झोंप किती मिनिटांत लागते व स्वप्नावस्था किती लवकर येते हें पाहतात. ही परीक्षा मोठ्या शहरांतून आतां होऊं शकते. त्यानंतर दोन आठवडे कांहींहि न बदलतां वही ठेवावी: केव्हां निजलों, कितीदां जाग आली, दिवसा केव्हां व जेवणानंतर किती वेळानें डोळा लागला. मग एकच गोष्ट बदलावी, समजा दुपारचा भात. आणि महिन्याभरानें तो पुनः सुरू करून वही काय म्हणते तें पाहावें. भात, चहा, जागरण आणि गोळ्या एकदम सोडणाऱ्यास शेवटीं कशानें काय झालें हें ब्रह्मदेवहि सांगूं शकणार नाहीं. डॉक्टरनें दिलेलें औषध आपल्या मतानें बंद करणें तर सर्वस्वीं गैर. आणि मधुमेहाचीं औषधें चालू असणाऱ्यानें न विचारतां पोळीभात तोडला, तर रक्तांतील साखर धोक्याइतकी उतरूं शकते. अर्थात् आहाराचा प्रश्न विचारणाऱ्या रोग्यास हंसून वाटेला लावणारे डॉक्टरहि ह्यांत निर्दोष नाहींत. त्यांच्या दारांतून परतलेला रोगी सरळ चित्रफितींच्या प्रचारकाकडे जातो.

ही वेगळी थाळी रांधतो कोण, हेंहि कोणी विचारीत नाहीं. शाकाहारी घरांत भात, पोळी, पोहे, बटाटा, गूळ वगळल्यावर पनीर, दहीं, शेंगदाणे आणि पालेभाज्या उरतात. त्यांतून दोन्ही वेळचें जेवण उभें करण्याचा भार पहांटे उठणाऱ्या आईवर पडतो, आणि तिच्या झोंपेची नोंद कोणत्याहि वहींत होत नाहीं.

दुपारच्या सुटींत ठरवून घेतलेली १५-२० मिनिटांची झोंप अशा रोग्यास पुढें कांहीं काळ सावध ठेवते, असें ह्या विषयाचे डॉक्टर सांगतात. त्यास वेगळें ताट लागत नाहीं, खर्च लागत नाहीं. शाळेंतला एक बांक आणि मुख्याध्यापकांची परवानगी पुरते. तांदूळ बंद करण्यास सारें घर एका दिवसांत सिद्ध होतें. मुख्याध्यापकांस तेवढी एक चिठ्ठी लिहावयास मात्र बापाचा हात धजत नाहीं.