मातीतील विजेचा हिशेब

मातीतून वीज निघते, असे कोणी सांगितले तर ते जादूगाराचे बोलणे वाटावे. परंतु यात जादू काही नाही. ओल्या मातीतील काही जिवाणू सेंद्रिय द्रव्य पचविताना इलेक्ट्रॉन बाहेर टाकतात. कार्बनचे एक विद्युत्‌अग्र प्राणवायू न पोचणाऱ्या थरात पुरावे, दुसरे हवेच्या संपर्कात ठेवावे आणि दोन्ही तारेने जोडावीत, की क्षीण विद्युत्प्रवाह वाहू लागतो. जिवाणूंपासून वीज मिळते, हे डरहॅम येथील एम. सी. पॉटर यांनी १९११ सालीच दाखवून दिले होते.

येथवर विज्ञान निर्विवाद आहे. वाद सुरू होतो तो त्याच्या नावाने दिल्या जाणाऱ्या आश्वासनांपासून. २००८ साली हार्वर्डमधील आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या एका गटाने टांझानियात असे घट वापरून पाहिले, तेव्हा आफ्रिकेतील अंधाऱ्या घरांना मातीच उजेड देईल, अशी आशा पल्लवित झाली. हेतू निःसंशय चांगला होता. पण हिशेब कठोर असतो. विद्युत्‌अग्राच्या एका चौरस मीटरमागे तीस मिलिवॅट धरले, तरी नऊ वॅटच्या एका दिव्याला तीनशे चौरस मीटर लागतील. शिवाय जिवाणूंचे खाद्य मातीतील सेंद्रिय द्रव्यच आहे. तेव्हा ही वीज फुकटचीही नव्हे.

म्हणून हे संशोधन टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. ब्राझीलच्या ईशान्य भागातील इकापुई या मच्छीमारांच्या गावी पिण्यासाठी मुख्यतः पावसाचे पाणी साठविले जाते. तेथील शाळेत ब्रिटनमधील बाथ विद्यापीठ आणि सिआरा येथील विद्यापीठ यांच्या संशोधकांनी मातीच्या घटांवर पाणी शुद्ध करणारे यंत्र चालवून दाखविले. दिवसाकाठी सुमारे तीन लिटर पाणी, एवढीच त्याची मजल. परंतु तेवढेही एका माणसाची तहान भागविते. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने २०२४ साली जमिनीतील ओलावा मोजणारी उपकरणे अशाच घटावर चालविली आणि त्याचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. उलट, नेदरलंड्समधील वागेनिंगेन येथे विकसित झालेल्या, वनस्पतींच्या मुळांजवळून वीज मिळविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले गेले आणि २००९ साली तिच्यावर प्लांट-ई ही कंपनी उभी राहिली.

माती कोणाची आणि तिच्यातून मिळालेले ज्ञान कोणाचे, हा प्रश्न येथे उभा राहतो. जिवाणू कोणा भांडवलदाराने घडविलेले नाहीत. सार्वजनिक विद्यापीठांत जन्मलेले ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत खुलेपणाने पोचले पाहिजे. त्याचबरोबर, मिलिवॅटचे कौतुक करून किलोवॅटची जबाबदारी टाळण्याची मुभा कोणत्याही सरकारला मिळता कामा नये. संपन्न वस्तीला विजेची तार आणि गरिबाला मातीचा प्रयोग, अशी वाटणी होणार असेल, तर तिला प्रगती म्हणता येणार नाही. प्रयोग अवश्य व्हावेत. मात्र गरिबाच्या घरातील दिवा त्यांच्या यशाची वाट पाहत विझलेला राहू नये.