साठीनंतरचा वर्ग : व्याख्याने पुष्कळ झाली, आता शिकवणी हवी

केंद्र सरकारचा 'उल्लास – नव भारत साक्षरता कार्यक्रम' २०२२-२३ मध्ये सुरू झाला. २०२६-२७ या आर्थिक वर्षाबरोबर त्याची पाच वर्षांची मुदत पुरी होते. पंधरा वर्षांवरील सर्वांसाठी ही योजना आहे, आणि त्यात 'प्रौढ शिक्षण' हा जुना शब्द बाजूला ठेवून 'सर्वांसाठी शिक्षण' असे म्हटले आहे. लडाख, मिझोराम, गोवा, त्रिपुरा यांनी पूर्ण साक्षरता जाहीरही केली. या बातम्या वाचून आपल्या मंडळातील बहुतेकांच्या मनात एकच विचार येतो, 'चांगले आहे, पण आपला काय संबंध? आपण तर शिकलेले आहोत.' आमच्या मते संबंध आहे, आणि तो आपल्या घरापर्यंत येतो.

आधी थोडा हिशेब मांडू. सवय जात नाही. पाच वर्षांसाठी या योजनेची एकूण तरतूद १,०३७.९० कोटी रुपयांची आणि उद्दिष्ट पाच कोटी लोकांचे. म्हणजे माणशी सुमारे २०८ रुपये. एवढ्या पैशांत पगारी शिक्षक मिळत नाही, म्हणून योजना स्वयंसेवकांवर उभी आहे. शिवाय प्राधान्य १५ ते ३५ या वयोगटाला, त्यानंतर ३५ च्या पुढच्यांना. साधने थोडी असली की तरुणांना पुढे काढायचे, यात सरकारची चूक नाही. पण रांगेत सगळ्यात मागे कोण राहते, तेही पाहायला हवे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढचे १०.३८ कोटी लोक होते. त्यांच्यातील साक्षरता ४४ टक्के, पुरुषांत ५९ आणि स्त्रियांत फक्त २८. पुढची जनगणना २०२७ मध्ये होत आहे. आकडे सुधारलेले असतील, पण रांगेचा क्रम तोच राहील.

दुसरीकडे विद्यापीठे आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रौढ शिक्षण आणि आजीवन अध्ययन यांना स्वतंत्र प्रकरण दिले आहे. आपल्या भोपाळात भोज मुक्त विद्यापीठ आहे, इग्नूचे प्रादेशिक केंद्र आहे, आणि 'स्वयम्'वर घरबसल्या फुकट अभ्यासक्रम मिळतात. वयाची आडकाठी फारशी कुठे नाही. तरी हे सारे परीक्षा, प्रमाणपत्र आणि नोकरी डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असते. सत्तरीच्या माणसाला पदवी नको असते. आठवड्यातून दोनदा जायला एक जागा, शिकवणारा माणूस आणि शेजारच्या बाकावर आपल्याच वयाचा सोबती, एवढे पुरते. सरकारची योजना निरक्षरांसाठी आणि विद्यापीठाची तरुणांसाठी. मधली जागा रिकामीच आहे.

ती रिकामी राहिल्याने काय बिघडते? आम्ही अनेक वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसलो. यजमान गेल्यावर महिन्याभराने पासबुक घेऊन येणाऱ्या आणि 'यात किती आहेत हो?' असे विचारणाऱ्या भगिनी पाहिल्या. त्यातल्या कित्येक मॅट्रिक झालेल्या, काही पदवीधरही. त्यांना वाचता येत होते, पण कुठली ठेव कधी पिकते, नॉमिनी कोण, लॉकर कुणाच्या नावावर, हे चाळीस वर्षांत कुणी समोर बसवून सांगितले नव्हते. आता तर पासबुकही मागे पडले आहे. यूपीआय २०१६ पासून आले, हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. सोय वाढली, तसे शिकायचेही वाढले. ही कामे मुलगा पुण्याहून किंवा बंगळुरूहून 'ओटीपी सांग' म्हणत करून देतो. म्हातारपणी पैसा आपला आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात, अशी ही स्थिती आहे. मुलगा चांगला आहे म्हणून ती चालते, एवढेच.

आणि ओटीपी मागणारा प्रत्येक जण मुलगा नसतो. 'डिजिटल अरेस्ट' नावाच्या फसवणुकीबद्दल पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये बोलावे लागले. त्यानंतर दोनच आठवड्यांत आपल्या भोपाळात एका व्यावसायिकाला असेच काही तास घरात कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवले होते, आणि सायबर पोलिसांनी प्रत्यक्ष घरी जाऊन त्यांना सोडवले. व्यवहारात मुरलेल्या माणसाची ही गत, तर घरी एकट्या असलेल्या काकूंचे काय? १९३० हा मदतीचा क्रमांक पोस्टरवर वाचलेला असणे वेगळे आणि घाबरलेल्या क्षणी बोटाने तो लावता येणे वेगळे. दुसरी गोष्ट सरावाने येते, आणि सराव वर्गात होतो.

आमचा मुख्य मुद्दा हाच आहे. आपल्या मंडळांत कार्यक्रमांची वाण नाही. गणेशोत्सवात व्याख्यान होते, कोजागिरीला गाणी होतात, भजनी मंडळ आणि भिशी तर चालूच असते. सायबर सुरक्षेवरही एखादे अधिकारी येऊन तासभर बोलून जातात. आपण टाळ्या वाजवतो, चहा घेतो आणि घरी येतो. दुसऱ्या दिवशी फोन हातात घेतला की सारे पहिल्यासारखेच. व्याख्यानात एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. वर्गात प्रत्येकाला करून दाखवावे लागते. चुकले की पुन्हा करावे लागते, आणि पुढच्या खेपेला मागचे विचारले जाते.

याला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांनी साठ ते नव्वद वयाच्या दोनशेहून अधिक लोकांवर केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम अगदी नव्याने शिकवले, आठवड्याला पंधरा तास. काहींना तेवढाच वेळ एकत्र गप्पा, सहली, खेळ एवढेच दिले. स्मरणशक्तीत सुधारणा दिसली ती प्रामुख्याने नवे आणि अवघड काही शिकलेल्यांत. नुसते एकत्र जमण्याने तेवढा फरक पडला नाही. एकत्र जमणे वाईट असे कुणी म्हणणार नाही. त्याने मन रमते. पण त्यालाच शिक्षण समजून थांबू नये.

असे वर्ग कुणी चालवायचे? जगात याची तीन उत्तरे दिसतात. फ्रान्समध्ये १९७३ मध्ये तुलूझ येथे पिएर व्हेला यांनी 'तिसऱ्या वयाचे विद्यापीठ' काढले, ते खऱ्या विद्यापीठाच्या आधाराने. चीनमध्ये १९८३ मध्ये शांतुंग प्रांतात ज्येष्ठांचे पहिले विद्यापीठ निघाले, ते सरकारच्या आश्रयाने. ब्रिटनमध्ये १९८२ साली केंब्रिजला पहिला गट सुरू झाला. इतिहासकार पीटर लॅस्लेट त्याच्या प्रवर्तकांपैकी होते. त्यांनी ना प्राध्यापकांची वाट पाहिली, ना अनुदानाची. निवृत्त माणसांतच शिकवणारे आहेत आणि शिकणारेही, हे त्यांनी धरून चालले. आज मी तुला फ्रेंच शिकवतो, उद्या तू मला बागकाम शिकव. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही.

आपल्याला हे तिसरे उत्तर मानवेल. भोपाळच्या मराठी समाजाची घडणच तशी आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी झाले, आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडून सरकारी नोकरांची घरे इथे आली. मग भेलचा कारखाना, बँका, शाळा, महाविद्यालये. त्या नोकऱ्यांतून निवृत्त झालेले अभियंते, शिक्षक, परिचारिका, लेखापाल आपल्यात भरपूर आहेत. शिकवणारे शोधायला बाहेर जायची गरज नाही.

शिकायचे विषयही फोन आणि बँक एवढ्यावर संपत नाहीत. आपल्यातले कितीतरी जण हिंदी माध्यमात शिकले. घरी मराठी बोलतो, पण दोन पाने मराठी लिहायची म्हटले की पेन अडतो. साठीनंतर शुद्ध मराठी लिहायला शिकण्यात लाज कसली? नातवंडांना देवनागरी शाळेत येतेच, आजी-आजोबांनी मराठी वाचन पक्के केले तर पुढचे सोपे. माळवा आणि ग्वाल्हेरकडच्या कितीतरी घरांत पेटीच्या तळाशी मोडीतले कागद असतात आणि ते कुणालाच वाचता येत नाहीत. मोडी तीन-चार महिन्यांच्या सरावाने वाचता येऊ लागते. निवृत्त माणसाला याहून चांगला अभ्यास कोणता?

वर्ग टिकतो कशाने, हे ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाने दाखवले. शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी तिथे 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. विद्यार्थिनी साठ ते नव्वद वयाच्या. आम्हाला त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे शेताचे आणि चुलीचे काम आटोपल्यावर. सगळ्यांना गुलाबी लुगड्याचा गणवेश आणि दप्तर, म्हणजे हा विरंगुळा नाही, शाळा आहे, हे घरच्यांनाही कळले. आणि शिकवणारी गावातलीच सून, तिच्यासमोर बसणाऱ्यांत तिची स्वतःची सासू. इमारत आणि पैसा या गोष्टी नंतर आल्या. सोयीची वेळ, मान आणि ओळखीचा शिक्षक आधी.

आपल्याकडची अडचण वेळेचीच आहे. सकाळी डबे, दुपारी नातवंडांची शाळेची बस, संध्याकाळी देवदिवा आणि स्वयंपाक. पुरुष मंडळी निवृत्त होतात, घरातली बाई निवृत्त होत नाही. संध्याकाळी सहाला वर्ग ठेवला तर पुन्हा पुरुषच पुरुषांना शिकवतील, आणि ज्यांना सर्वांत गरज आहे त्या घरीच राहतील. दुसरी अडचण अंतराची. पिपलानीहून कोलारला कोणी आठवड्यातून दोनदा येणार नाही. म्हणून वर्ग वस्तीत हवा, मंडळाच्या सभागृहात नाही. तुळशीनगर, अरेरा कॉलनी, भेल, कोलार, जिथे आठ-दहा जण जमतील तिथे कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत.

कार्यकारिणीपुढे आमची सूचना अगदी साधी आहे. दिवाळीनंतर बारा आठवड्यांचे एक सत्र घ्यावे. एका वर्गात बाराहून अधिक जण नकोत. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी अकरा ते साडेबारा. नाव नोंदवताना तीनशे रुपये शुल्क घ्यावे. फुकट वर्गाला पहिल्या दिवशी चाळीस येतात आणि चौथ्या दिवशी चार, हा सर्वांचाच अनुभव आहे. ज्यांना शुल्क जड जाईल त्यांचे मंडळाने गुपचूप भरावे. पहिल्या सत्रात दोनच विषय ठेवावेत, 'माझा फोन, माझे खाते' आणि 'मोडी वाचन'. पहिल्या वर्गात प्रत्येकाने स्वतःच्या फोनवर शिकायचे, पण पिन किंवा ओटीपी शिक्षकालाही सांगायचा नाही, हा पहिला धडा. सत्राच्या शेवटी प्रत्येक भगिनीच्या हातात तिने स्वतः लिहिलेली एक यादी असावी: खाती, ठेवी, नॉमिनी, विमा, आणि हे कागद कुठे ठेवले आहेत. जोडप्याने ती एकत्र बसून करावी. आपल्यातले कोण आधी जाईल हे कुणाच्या हाती नाही, पण मागे राहणाऱ्याला काय माहीत असेल हे आपल्या हाती आहे.

शिकवायला कोण तयार आहे आणि कुणाच्या घरी जागा होईल, एवढी दोन उत्तरे सभासदांनी दसऱ्यापर्यंत कार्यालयात कळवावीत. बँकेच्या विषयाचा वर्ग आम्ही घ्यायला तयार आहोत. मोडीच्या वर्गात मात्र आमचे नाव विद्यार्थ्यांत लिहावे.