दाढ काढण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी दाखवा

आमच्या इमारतीतील एका काकांची दाढ ठणकू लागली. लवंगेचे तेल झाले, मिठाच्या गुळण्या झाल्या, शेवटी दाढ काढायचे ठरले. ‘रक्त फार जाईल’ या भीतीने काकांनी कुणालाही न विचारता रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चार दिवस बंद ठेवल्या. दवाखान्यात काकूंच्या तोंडून ही गोष्ट सहज निघाली आणि दंतवैद्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. सहा महिन्यांपूर्वीच काकांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता! त्या दिवशी दाढ निघाली नाही. काकांना आधी हृदयविकारतज्ज्ञांकडे पाठवण्यात आले.

काकांची भीती अगदीच खोटी नव्हती. पण दाढेतून येणारे रक्त कापसाचा बोळा घट्ट दाबून किंवा टाका घालून थांबवता येते. स्टेंटमध्ये धरलेली गुठळी मात्र जिवावर बेतू शकते. म्हणूनच साधी दाढ काढताना ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या गोळ्या बहुधा चालूच ठेवतात.

वॉरफेरिन घेणाऱ्यांची आधी ‘आय.एन.आर.’ ही रक्ततपासणी करतात. हा आकडा ४ पेक्षा कमी असेल, तर साधी दाढ बहुतेक वेळा गोळी न थांबवता काढता येते. खरी काळजी घ्यायची ती नंतरच्या औषधांची. दातांच्या जंतुसंसर्गावर नेहमी दिले जाणारे मेट्रोनिडाझोल वॉरफेरिनचा जोर वाढवते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामकांनीही रक्तस्राव वाढू शकतो. तेव्हा घरातली ‘दुखण्याची गोळी’ परस्पर घेऊ नये.

हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. दात काढताना तोंडातले जंतू रक्तात शिरून झडपेवर ठाण मांडू शकतात. ते टाळण्यासाठी मोठ्यांना दात काढण्यापूर्वी अर्धा ते एक तास आधी ॲमॉक्सिसिलिनची २ ग्रॅमची एकच मात्रा देतात. पण पूर्वी कधी पेनिसिलिनने अंगावर गांधी उठल्या असतील किंवा श्वास कोंडला असेल, तर ते आधीच सांगायला हवे. मग डॉक्टर दुसरे औषध निवडतात.

घरातल्या आजींना हाडांच्या ठिसूळपणावर अलेंड्रोनेटची गोळी किंवा झोलेड्रॉनिक ॲसिडचे इंजेक्शन चालू आहे का? क्वचित अशा रुग्णांत दाढ काढल्यावर जखम भरत नाही आणि जबड्याचे हाड उघडे पडते. २००३ पासून डॉक्टरांचे याकडे लक्ष गेले. म्हणून शक्य तर ही औषधे सुरू करण्यापूर्वीच दात तपासून घ्यावेत. आधीच सुरू असतील तर घाबरून बंद करू नयेत, दंतवैद्यांना सांगावे.

आणखी एक सवय सोडायला हवी. मागच्या खेपेच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन ठणका दाबायचा! किडलेली दाढ गोळीने बरी होत नाही आणि अर्धवट औषधाने जंतू मात्र निर्ढावतात. पाकिटावर लाल रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊच नये.

तेव्हा आजच एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी रोजच्या गोळ्यांची नावे व मात्रा, झालेली शस्त्रक्रिया, न सोसणारी औषधे, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो, एवढे लिहून ठेवा. आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथीची औषधेही वगळू नका. दंतवैद्यांकडे जाताना आणि रुग्णालयात दाखल होतानाही हा कागद बरोबर असू द्या.

काकांची दाढ पुढच्या आठवड्यात, गोळ्या चालू ठेवूनच निघाली. त्यांची चिठ्ठी आता काकूंच्या पर्समध्ये असते. काकांचा विसराळूपणा त्यांना पक्का ठाऊक आहे!